सोनेरी फळीवरची चौथी रेघ

काचेच्या पेटीतून बोलतेय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. ऐकायचा कंटाळा असेल तर सरळ पुढे जा. पुढच्या दालनात लाल ट्रॅक्टर आहे आणि त्यावर बसून फोटो काढता येतो. बहुतेक लोक तिकडेच जातात. माझ्यासमोर थांबतात ते दोनच प्रकारचे: ज्यांची मुलं ट्रॅक्टरवर चढलेली आहेत ते, आणि ज्यांचे गुडघे दुखतात ते.

तर मी आहे एक फळी. दोन हात लांब, चार बोटं रुंद, वरच्या टोकाला निमुळती होत गेलेली. वर सोनेरी, खाली सोनेरी आणि मधोमध वीतभर खरवडून काढलेली. मला बघून कुणी म्हणतं वल्हं, कुणी म्हणतं बॅट. परवा एका गृहस्थांनी बायकोला ठासून सांगितलं, "ही नॉर्वेहून आणलेली स्की." शेजारी एवढी मोठी पाटी लावलेली असताना! ती वाचायचे कष्ट घेतले असते, तर माझी सगळी अब्रू त्यांना दोन मिनिटांत कळली असती.

माझा जन्म मिनेसोटाच्या उत्तरेला, ओर्विन नावाच्या माणसाच्या शेडमध्ये झाला. ओर्विन शेतकरी होता, पण त्याच्या शेतात मका नव्हता, मिंक होते. मिंक म्हणजे मुंगसाच्या चणीचा, पाण्याकाठी राहणारा, महाचिडका प्राणी. त्याची फर फार मऊ, म्हणून बड्या शहरांतल्या बड्या बाया तिचे कोट घालायच्या. ओर्विन आणि त्याची बायको हेझल दोघं मिळून त्या पिंजऱ्यांच्या रांगा सांभाळायची. मासे आणि धान्य दळून लगदा करायचा, सकाळ-संध्याकाळ तो पिंजऱ्यांवर थापायचा, हातावर त्यांचे चावे सोसायचे आणि पुन्हा उद्या तेच. थंडी पडून फर दाट झाली की प्राणी मारायचे, कातडी सोलायची आणि फळीवर ओढून, टाचून वाळवायची. त्या फळ्या म्हणजे आम्ही. नरांसाठी मोठ्या मापाच्या, माद्यांसाठी लहान. मी नराच्या मापाची.

हे सांगताना मान ताठ ठेवून सांगावं की खाली घालावी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तशी माझी मान मुळातच वाकडी आहे. मला बासवुडच्या मऊ लाकडातून कापताना ओर्विनला शिंक आली आणि माझं टोक डावीकडे झुकलं. कातडं वाकडं वाळलं तर त्याला कोण विचारणार? म्हणून पहिल्याच दिवशी मी बाद झाले. हेझलनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि वाऱ्यानं आपटणाऱ्या दाराला अडसर म्हणून लावलं. बाकीच्या फळ्या फर पांघरत होत्या, मी दार धरून उभी होते.

पण दाराशी उभं राहण्याचा एक फायदा असतो, घरात येणारं प्रत्येक जण आधी तुम्हाला दिसतं. हेझलचं पहिलं बाळ, लायल, घरी आलं, तेव्हा ओर्विननं त्याला टेबलावर निजवलं, हाताशी होते म्हणून मला उचलून शेजारी ठेवलं आणि म्हणाला, "बघू या, कोणत्या मापाचा आहे." मिंकचं माप घेण्याची सवय, दुसरं काय! खिशातली चपटी सुतारी पेन्सिल काढून त्यानं बाळाच्या टाळूशी माझ्यावर रेघ मारली आणि पुढे नाव लिहिलं. तीन वर्षांनी मार्लिस आली, तिची रेघ झाली. आणखी तीन वर्षांनी, ऐन कातडी काढायच्या हंगामात, डेल आला. त्याची रेघ मारताना ओर्विन इतका दमलेला होता, की पेन्सिल माझ्यात रुतलीच.

डेल नऊ दिवस जगला.

दहाव्या दिवशी हेझलनं मला उचललं, शेडमध्ये नेलं आणि इतर फळ्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. एक शब्द बोलली नाही. ओर्विन तर काय, मुळातच महिन्यातून चार वाक्यं बोलणारा माणूस. पुढे ज्या वर्षी मिंक जास्त आणि फळ्या कमी पडत, त्या वर्षी त्याचा हात कधी माझ्यापर्यंत येई, रेघांना लागे आणि मला जागच्या जागी ठेवून परत जाई. मी आयुष्यात एकदाही फर घातली नाही. हेझलनंही नाही, बरं का! हजारो कोटांची कातडी त्या बाईच्या हाताखालून गेली आणि ती शेवटपर्यंत एका खाकी लोकरीच्या कोटात वावरली. त्या घरात फर न मिळालेल्या आम्ही दोघीच, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत असे. मिंकची समजूत कुणी घातली असेल, कोण जाणे.

मग फरचे दिवस फिरले. पिंजरे रिकामे झाले, ओर्विन गेला, हेझल गेली, लायलनं शेडला कुलूप लावलं आणि आम्ही वर्षानुवर्षं धूळ पांघरून पडलो. लायल गेल्यावर त्याच्या मुलानं शेड झाडून काढली. मार्लिस तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होती. मुलाला वाटलं, लाकूडच तर आहे! एका शनिवारी त्यानं शेडमधलं सगळं अंगणात मांडून विकायला काढलं.

आणि त्या शनिवारी त्या रस्त्यानं परीक्षितची गाडी आली.

परीक्षित ईडन प्रेरीला राहणारा, पुण्याहून येऊन आता पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये असलेला आणि तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची सजावट हक्कानं करणारा माणूस. तळ्यावर दोन दिवस सुट्टी काढून बायकोबरोबर घरी परतत होता. गवतावर पडलेल्या आम्हा एकवीस फळ्यांना बघून त्यानं कचकन ब्रेक मारला.

"आश्लेषा, मखराची शिखरं बघ! रेडीमेड!"

"अरे पण आहे काय ते?" आश्लेषानं विचारलं. ती त्याची बायको, आणि त्या घरात प्रश्न विचारायचं काम तिच्याकडे असतं.

"जुन्या चर्चचं लाकूड दिसतंय. फिनिश बघ ना यार! आणि मोजून एकवीस. हा योगायोग आहे का?"

त्याला चर्च कुणीही सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं. पण माणसाला एकदा एखादी गोष्ट आवडली, की तिची वंशावळ तो स्वतःच तयार करतो. घरी पोहोचेपर्यंत आम्ही 'शंभर वर्षांपूर्वीच्या चर्चमधलं लाकूड' झालो होतो आणि मंडळाच्या अध्यक्ष नीना यांना फोनवर सांगेपर्यंत दीडशे.

आम्हाला सोनेरी रंग लागला, प्लायवूडवर आम्ही उभ्या राहिलो, मागून दिवे आले आणि पुढे गणपती. काय सांगू तुम्हाला! आयुष्यभर दार अडवलेली, शेडमध्ये सडलेली मी, आरतीत न्हाऊन निघाले. लोक म्हणायचे, "वा, चर्चच्या लाकडात बाप्पा, याला म्हणतात सर्वधर्मसमभाव." ते ऐकून ऐकून मलाही वाटू लागलं, की आपण चर्चमधल्याच असू. मी शेजारणींना घंटानादाच्या आठवणी सांगायला लागले. त्यांनीही मला स्तोत्रं ऐकवली. एकवीसजणींतली एकही खरं बोलली नाही.

एवढं मात्र कबूल करते, की माझं टोक वाकडं असल्यामुळे परीक्षितनं मला नेमकं मूर्तीच्या उजव्या कानामागे लपवलं होतं. आठ वर्षांत माझा एकही फोटो धड आला नाही. दर वर्षी तो आम्हाला नव्या रंगाचा एक हात देई, मन लावून, खाचाखोचांत ब्रश घालून. आठ वर्षांत आठ हात. ओर्विनच्या पेन्सिलीचा माग राहिला नाही.

आठव्या वर्षीच्या गणपतीचा फोटो गावातल्या साप्ताहिकात आला आणि तो शेवटी मार्लिसच्या हाती पडला. मार्लिस आता सत्त्याहत्तर वर्षांची. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, आणि काउंटीच्या या छोट्या इतिहास-संग्रहालयात आठवड्यातून तीन दिवस फुकट राबणारी. घरगुती फर-शेतीचा एक कोपरा असावा, अशी तिची कल्पना. त्यासाठी ती गावोगाव फिरून म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून वस्तू मागून आणत होती. जगाच्या पाठीवर कुणाला गणपतीच्या मागे काय दिसेल ते दिसो, मिंक-शेतकऱ्याच्या पोरीला त्या सोनेरी शिखरांत पहिल्या नजरेत कातडी वाळवायच्या फळ्या दिसल्या.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी ती परीक्षितच्या दारात उभी राहिली. गणपती चार दिवसांवर. आम्ही गॅरेजमध्ये मांडलेल्या, शेजारी नवव्या हाताच्या रंगाचा डबा. तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर एक खोकं होतं. त्यात दातांच्या खुणा असलेले चामडी हातमोजे, लगदा थापायचा पळा, कुणाचा तरी एप्रन. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली.

परीक्षितची आई, सुमित्राबाई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी चहा विचारला. मार्लिस नको म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारला, ती पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला त्रास नसेल तर." मिनेसोटा आणि महाराष्ट्र यांच्यात एवढं साम्य असेल, असं मला वाटलं नव्हतं.

चहा घेऊन ती गॅरेजमध्ये आली आणि जे बोलली ते इंग्रजीत बोलली, मी आपलं मराठीत सांगते.

"या मिंकच्या फळ्या आहेत. माझ्या वडिलांच्या."

परीक्षितच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "मिंकच्या म्हणजे?"

तिनं सांगितलं. अगदी साधेपणानं, कातडी कशी चढवायची ते हातानं दाखवत. परीक्षितचा चेहरा बघण्यासारखा झाला. आश्लेषा त्याच्याकडे बघत हळूच मराठीत म्हणाली, "चर्च काय रे? आधी विचारायला काय झालं होतं?"

"तू गप गं," तो म्हणाला. "आईला काही कळू देऊ नकोस. आणि मंडळात तर अजिबातच नाही. मेलो मी!"

सुमित्राबाई कपबशा गोळा करत तिथेच होत्या. घरातल्यांची पक्की समजूत, की त्यांना गोऱ्यांचं इंग्रजी कळत नाही. ती समजूत त्यांनी स्वतःच सोयीची म्हणून राहू दिली होती.

मार्लिसला एकवीस फळ्या नको होत्या. एकच हवी होती. "आई जाताना मला म्हणाली होती, शेडमधल्या एका फळीवर तुम्ही तिघं आहात, तान्हेपणीच्या मापाच्या रेघांत. शेडला लायलचं कुलूप होतं, मी ती फळी कधी बघितलीच नाही. आमच्याकडे डेलचा, तान्हेपणीच गेलेल्या माझ्या धाकट्या भावाचा, फोटो नाही. कबरीवरचा दगड जमिनीत बुडून गेलाय. तो होता, एवढं सांगणारी ती एकच गोष्ट आहे." मग ती म्हणाली, "तीस वर्षं शाळेत मी सांगत आले, वडील शेतकरी होते. कसली शेती, ते कधी सांगितलं नाही. माझ्या मुलांनाही त्याची लाज वाटते. आम्ही फार चांगलं काम केलं असं मला भिंतीवर लिहायचं नाहीये. पण आम्ही होतो ना."

मग ती एकेका फळीवरून बोटं फिरवत गेली. माझ्यावरूनही फिरवली. मी ओरडत होते, अगं मी, मी ती, वाकडी! आठ हात रंगाखालून कसलं ऐकू जातंय! स्वतःच्या सोन्याचा मला इतका राग कधी आला नव्हता. तिची बोटं माझ्यावरून सरकून आठवीवर गेली, मग नववीवर.

"रंग थोडा काढून बघता आला असता," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नाही, नाही. तुमच्या देवाचं आहे. मला नाही मागता येणार."

परीक्षितला वाईट वाटलं, खरंच वाटलं. "गणपती झाल्यावर बघू या का? आय प्रॉमिस," तो म्हणाला. पण त्याची नजर रंगाच्या डब्याकडे होती, आणि 'झाल्यावर बघू'चा अर्थ मिनेसोटातही तोच होतो. मार्लिसनं आपला नंबर लिहून दिला. निरोप घ्यायला दारात वीस मिनिटं लावली, तेही आपल्यासारखंच, आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी परीक्षित आणि आश्लेषा ऑफिसला गेल्यावर सुमित्राबाई गॅरेजमध्ये आल्या. हातात थिनरची बाटली, जुनं फडकं आणि त्यांचा नागपूरहून आणलेला कालथा. पदर खोचला, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या आणि पहिली फळी मांडीवर घेतली.

आता गंमत बघा. फळी दोन हात लांब, रेघ नेमकी कुठे असेल? परीक्षितनं त्यासाठी लॅपटॉप उघडला असता. सुमित्राबाईंनी फळीच्या बुडाला कोपर टेकवलं, हात सरळ वर धरला आणि मधल्या बोटाच्या टोकाशी कालथा लावला. हातभर आणि वर दोन बोटं. तान्ह्या बाळाचं माप बाईच्या हातालाच असतं. तेवढा वीतभर पट्टा त्यांनी खरवडला. काही नाही. दुसरी घेतली. तिसरी. सोनेरी साली त्यांच्या पातळावर पडत होत्या, थिनरच्या वासानं डोळ्यांना पाणी येत होतं आणि त्या पुटपुटत होत्या, "कुठे आहेस रे बाळा? ये बरं."

सातवी मी.

कालथा लागला तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू! आठ वर्षांची प्रतिष्ठा पापुद्र्या-पापुद्र्यानं निघत होती. मग त्यांनी फडकं फिरवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला उजेडाकडे तिरकं धरलं. सुमित्राबाईंनी एकतीस वर्षं पोस्टात काढली होती. पावसात भिजलेले, शाई फुटलेले पत्ते वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिसं पुसलेलं होतं, पण लाकडात रुतलेली खोच होती.

"एल... लायल," त्या वाचू लागल्या. "मार्लिस. आणि हा... डी, ए..." आणि पदरानं पूड झटकून त्यांनी मला मांडीवर आडवं निजवलं.

संध्याकाळी परीक्षितनं गॅरेजचं दार उघडलं. सात शिखरांच्या पोटावर वीतभर पट्टे खरवडलेले.

"आई! हे काय केलंस? तीन दिवसांवर गणपती आलाय!"

"ओरडू नकोस. सापडलं बाळ."

"तुला... तुला कळलं होतं सगळं?"

"आठ वर्षं बाप्पाच्या मागे कातड्याच्या फळ्या उभ्या केल्यास, तेही कळलं," सुमित्राबाई शांतपणे म्हणाल्या. "त्या बाईंना फोन कर. आधी फोन, मग चहा मागायचा."

"आणि मंडळाला काय सांगू?"

"खरं सांग. कुणी बोललंच तर विचार, महादेवाच्या अंगावर काय असतं ते. आणि आरतीला ढोलकी वाजवता, ती काय प्लास्टिकची आहे?"

परीक्षितनं आधी मार्लिसला आणि मग नीनाताईंना फोन केला. त्यानंतर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं, ते मला आश्लेषानं मोठ्यानं वाचून दाखवल्यामुळे माहीत आहे, म्हणजे तिनं नवऱ्याला वाचून दाखवलं, मी भिंतीला टेकून ऐकलं. एकानं लिहिलं, हे धक्कादायक आहे. दुसऱ्यानं लिहिलं, मला पहिल्यापासून शंका होती. तिसऱ्यानं लेदरच्या सोफ्यावर बसल्या बसल्या शुद्धीकरणाचा विधी पाठवला. शेवटी नीनाताईंनी विचारलं, "नवीन मखर तीन दिवसांत कोण करणार आहे?" त्यावर ग्रुप एकदम शांत झाला.

मार्लिस शनिवारी सकाळी आली. सुमित्राबाईंनी मला नव्या पंच्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं. ती गॅरेजमधल्या घडीच्या खुर्चीवर बसली, पंचा बाजूला केला आणि रेघेवर अंगठा ठेवला. नावावरून तो हळूहळू फिरला. परीक्षित चहाचा ट्रे घेऊन उभा, आश्लेषा त्याच्या मागे.

"नऊ दिवस," मार्लिस म्हणाली. "मी तीन वर्षांची होते. मला काही आठवत नाही."

तेव्हा सुमित्राबाई बोलल्या. आपल्या पोस्टातल्या इंग्रजीत, एकेक शब्द तोलून. "मी टू. माय फर्स्ट. गर्ल. सेव्हन डेज."

ट्रेमधले कप वाजले. परीक्षितनं ट्रे खाली ठेवला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, आत्ता कळत होतं की आपण आईचं दुसरं मूल.

"आई? कधी बोलली नाहीस."

"कुणाला सांगणार? बारसंही झालं नव्हतं. घरात सगळे म्हणाले, विसर. नावच नाही, तर हाक मारून रडणार तरी कशी?" मग त्या जरा हसल्यासारखं करून म्हणाल्या, "तुझ्या बाबांनाही पुन्हा कधी विषय काढता आला नाही. दोघं आपापल्या जागी गप्प."

आश्लेषानं हे सगळं मार्लिसला इंग्रजीत सांगितलं. मार्लिस उठली, गाडीपाशी गेली, खोकं उघडलं आणि काहीतरी घेऊन आली. चपटी सुतारी पेन्सिल होती, ओर्विनची. तिलाही चिठ्ठी बांधलेली. मार्लिसनं दोरा सोडला, चिठ्ठी खिशात घातली आणि पेन्सिल सुमित्राबाईंपुढे धरली.

"किती होती?" तिनं विचारलं.

सुमित्राबाईंना भाषांतर लागलं नाही. त्यांनी मला उभं धरलं, बुडाशी कोपर टेकवलं, हात वर नेला. मग मधल्या बोटाच्या टोकावर एकच बोट आडवं धरलं. "एवढीशीच होती," त्या म्हणाल्या आणि रेघ मारली. मला गुडघ्यांत धरूनच मारली, त्यामुळे रेघ थोडी वाकडी आली. मी वाकडी, रेघ वाकडी, आमचं बरं जमलं.

"नाव?" मार्लिसनं विचारलं.

सुमित्राबाईंनी मान हलवली. "नाव आत्या ठेवते. इथे आत्या कुठली?" आणि मग मार्लिसचा हात धरून म्हणाल्या, "हे कुणाला सांगू नका. तुमच्यात नि माझ्यात राहू दे." मार्लिसनं वचन दिलं. परीक्षितनं दिलं, आश्लेषानं दिलं. माझ्याकडून वचन घ्यायचं मात्र सगळेच विसरले, म्हणून तर आज मी बोलतेय.

त्या वर्षी बाप्पा वीस शिखरांत बसले. मूर्तीच्या उजव्या कानामागे फळीभर मोकळी जागा आणि त्यातून नुसतं प्लायवूड दिसत होतं. लोकांनी विचारलं, तिथे काहीतरी लाव ना! परीक्षितनं नाही लावलं. आरती झाली की तो त्या मोकळ्या जागेकडे बघून एकदा हात जोडी, असं मला मार्लिस बोलताना ऐकायला मिळालं. तिला त्यांनी जेवायला बोलावलं होतं, आणि तिनं मोदक तिसऱ्या आग्रहानंतर घेतला.

मी तर इकडे आले. इथल्या तज्ज्ञ बाईंना माझा सगळा सोनेरी रंग काढून मला 'मूळ रूपात' आणायचं होतं. मार्लिस म्हणाली, "हात लावाल तर बघा. हेही तिचंच रूप आहे." तेव्हापासून मी अशी, धड ना फळी धड ना शिखर, हातमोजे आणि पळ्याच्या मधोमध उभी. पेन्सिलही शेजारी आहे, पुन्हा चिठ्ठी बांधून. येणाऱ्यांतले काही माझ्याकडे बघून नाक मुरडतात. ते बरोबर असतील, मी भांडत नाही. काही म्हातारे मात्र टोपी काढून उभे राहतात आणि नातवाला म्हणतात, "आपल्याकडेही होत्या." एवढं म्हणायला त्यांना इथवर यावं लागलं.

आता जाता जाता एकच. माझ्याखालच्या पाटीवर सगळं नीट छापलंय. मिंकची फळी, ओर्विननं केलेली, नंतर गणपतीच्या मखरात वापरलेली, परीक्षित व कुटुंबाकडून भेट. मग रेघा: पहिली लायल, दुसरी मार्लिस, तिसरी डेल. आणि शेवटची ओळ अशी: 'चौथ्या रेघेबद्दल माहिती उपलब्ध नाही.' मार्लिसनं वचन पाळलं, दुसरं काय करणार होती ती?

माहिती उपलब्ध आहे हो. ती मुलगी होती. हातभर आणि वर एक बोट. सात दिवस होती.

तुमच्यापैकी कुणी कुणाची आत्या असेल, तर पाच मिनिटं ट्रॅक्टर राहू द्या. इकडेतिकडे बघा, पहारेकरी नसेल तर काचेला तोंड लावा, कुर्र म्हणा आणि एक नाव सांगून जा. कोणतंही चालेल. दर वेळी वेगळं असलं तरी चालेल. तुम्ही गेल्यावर मी तिला त्या नावानं हाक मारीन.